कॅप्सूलमध्ये काय आहे?
१९११ साली अमेरिकेत, चॅटनूगाच्या न्यायालयात कोका-कोलावर खटला उभा राहिला. त्यातले कॅफिन आरोग्याला घातक आहे, असे सरकारचे म्हणणे. बचावासाठी कंपनीकडे माणसांवर केलेले पुरेसे प्रयोगच नव्हते. तरुण मानसशास्त्रज्ञ हॅरी हॉलिंगवर्थ यांनी कंपनीचे पैसे घेतले, पण अट घालून: निष्कर्ष काहीही निघोत, ते प्रसिद्ध होणार आणि जाहिरातीत वापरले जाणार नाहीत. मॅनहॅटनमधल्या भाड्याच्या घरात, पत्नी लीटा यांच्या देखरेखीखाली, १६ जणांवर ४० दिवस चाचण्या चालल्या. कॅप्सूलमध्ये कॅफिन आहे की नुसती दुग्धशर्करा, हे ना घेणाऱ्याला ठाऊक, ना चाचणी घेणाऱ्याला. त्या काळात इतका काटेकोरपणा विरळाच, आणि या प्रयोगाचे खरे मोल तिथेच आहे. कॅफिनने हात आणि डोके दोन्ही तरतरीत चालले. मोठ्या मात्रेने झोप मात्र बिघडली. ही झोपेची बाजू तरतरीच्या कौतुकात फार सहज विसरली जाते. २०१३ सालच्या एका अभ्यासात, निजण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफिननेसुद्धा झोप तासाभराहून अधिक घटली. शरीरातले निम्मे कॅफिन ओसरायलाच साधारण पाच तास लागतात.