अडाणी कोण – माणूस की यंत्र?

आपल्याकडे ‘अडाणी’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. एखादी म्हातारी एटीएमपुढे घुटमळली की रांगेतला कोणीतरी तो उच्चारतो. एखाद्या शेतकऱ्याला पीकविम्याचा अर्ज मोबाईलवर भरता आला नाही की सेवाकेंद्रातला मुलगा तो उच्चारतो. आणि दुःखाची गोष्ट ही की, तो शब्द ज्याला उद्देशून असतो, तोही मान खाली घालून तो मान्य करतो. यंत्र चुकत नाही, चुकतो तो माणूस, अशी आपल्या सर्वांची पक्की समजूत झाली आहे. या समजुतीलाच प्रश्न विचारणारे एक शास्त्र आज जगात चांगले रुजले आहे. ते आमच्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांना शिकवले गेले पाहिजे, एवढेच मला या लेखात सांगावयाचे आहे.

‘ह्यूमन-कॉम्प्युटर इंटरॅक्शन’ हे या शास्त्राचे लांबलचक नाव. मराठीत आपण त्याला ‘मानव-संगणक संवाद’ म्हणू. माणूस आणि यंत्र यांच्यामध्ये जो पडदा, जी बटणे, जी अक्षरे आणि जी चित्रे असतात, त्यांना ‘इंटरफेस’ म्हणतात. इंटरफेस म्हणजे यंत्राने आपल्याकडे केलेला चेहरा. यंत्राच्या पोटात काय चालले आहे हे सामान्य माणसाला कळत नाही व कळण्याची गरजही नाही. त्याला दिसतो तो हा चेहरा. तो चेहरा कसा असावा, माणसाची नजर, स्मरणशक्ती, भाषा, सवयी आणि भीती यांचा विचार करून तो कसा घडवावा, हा या शास्त्राचा विषय आहे.

या विषयाच्या पूर्वपीठिकेतील एक हकीगत बोधप्रद आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ जातीच्या विमानांना एक चमत्कारिक अपघात पुन्हा पुन्हा होत असे. विमान सुखरूप जमिनीवर उतरे आणि मग वैमानिक पंखांच्या झडपा मिटवण्याऐवजी चाकेच मिटवून टाकी. चांगले शिकलेले, अनुभवी वैमानिक हे करीत. ‘वैमानिकाची चूक’ असा शेरा मारून प्रकरण मिटवले जाई. अल्फॉन्स चॅपॅनिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने मात्र वैमानिकांची उलटतपासणी न करता विमानाची बैठक पाहिली. झडपांची कळ आणि चाकांची कळ शेजारी शेजारी होत्या आणि दोन्ही दिसायला अगदी सारख्या होत्या. थकलेल्या माणसाचा हात चुकणारच! त्याने उपाय केला तो साधा. चाकांच्या कळीला लहानशा चाकाचा आकार दिला आणि झडपांच्या कळीला पाचरीचा. आता न पाहताही बोटांना फरक कळू लागला आणि ती चूक थांबली. पुढे १९४७ मध्ये पॉल फिट्स या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यासह अशा ४६० ‘चुकां’चा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातूनही हेच दिसले की, ज्याला आपण माणसाची चूक म्हणतो ती पुष्कळदा रचनेची चूक असते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. चॅपॅनिस आणि फिट्स हे दोघेही मानसशास्त्राचे अभ्यासक होते. १९८८ साली ज्यांच्या पुस्तकाने रोजच्या वापरातील वस्तूंच्या रचनेचा प्रश्न सर्वसामान्य वाचकांपर्यंत नेला, ते डोनाल्ड नॉर्मन हेही मानसशास्त्राचेच प्राध्यापक. ढकलायचे की ओढायचे हे ज्या दाराकडे पाहून कळत नाही त्या दाराला आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही. तो आपल्याच वाड्यातून बाहेर पडला आणि अभियांत्रिकीच्या वाड्यात जाऊन राहिला, इतकेच.

परदेशातील उदाहरणे देऊन मी थांबले, तर ‘हे सगळे तिकडे ठीक आहे’ असे कोणी म्हणेल. म्हणून आपल्या घरचे उदाहरण देते. १९५१-५२ साली आपल्या देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. मतदार होते सुमारे सतरा कोटी, आणि १९५१ च्या जनगणनेनुसार शंभरांत जेमतेम अठरा माणसे साक्षर होती. ज्याला वाचता येत नाही त्याने मत कसे द्यावे? ‘आधी शिकून या, मग मत द्या’ असे म्हणणारेही त्या काळी होते. परंतु सुकुमार सेन यांच्या निवडणूक आयोगाने मतदाराला दोष दिला नाही. त्याने मतदानाची रीत मतदाराच्या बेताची केली. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली आणि पेटीवर त्याचे चिन्ह लावले. बैलजोडी, झोपडी अशी खेड्यातल्या माणसाच्या ओळखीची चिन्हे निवडली. मतदाराने लिहायचे काही नाही, वाचायचे काही नाही. ओळखीच्या चिन्हाच्या पेटीत कागद टाकायचा. त्या वेळी संगणक आपल्या देशात आलेला नव्हता, पण माझ्या मते मानव-यंत्र संवादाचा याहून मोठा धडा आपल्याकडे दुसरा नाही.

तीच परंपरा पुढे मतदानयंत्राने चालवली. हे यंत्र १९८२ मध्ये केरळातील परूर मतदारसंघाच्या काही केंद्रांवर प्रथम वापरले गेले आणि २००४ साली लोकसभेच्या सर्व मतदारसंघांत आले. त्याच्या बाह्यरचनेत मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्राच्या प्राध्यापकांचा हात होता. या यंत्राकडे विद्यार्थ्याच्या नजरेने पाहा. नाव, चिन्ह आणि निळे बटण एका ओळीत. बटण दाबले की शेजारी तांबडा दिवा लागतो आणि लांब आवाज येतो, म्हणजे ‘तुझे मत पोहोचले’ असे यंत्र डोळ्यांना आणि कानांना, दोघांनाही सांगते. घाबरून कोणी बटण दोनदा दाबले तरी मत एकच नोंदले जाते. आता तर कागदाची चिठ्ठीही काचेआड सात सेकंद दिसते. त्या यंत्राच्या विश्वासार्हतेविषयी राजकारणात वाद आहेत, ते मी येथे बाजूला ठेवते. पण माझ्या घरातली, कधीही शाळेत न गेलेली माणसे त्या यंत्रापुढे एकटी उभी राहतात आणि कोणाचीही मदत न घेता बाहेर येतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

मग तीच माणसे एटीएमपुढे का अडखळतात?

माझ्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे घरातल्या आणि गल्लीतल्या प्रत्येक पडद्याचा अर्थ लावणे हे काम आपोआप माझ्याकडे आले आहे. आत्याला निराधार पेन्शनच्या चौकशीसाठी मोबाईलवर माहिती भरायची होती. तिच्या आधार क्रमांकात एक आकडा कमी पडला तेव्हा पडद्यावर तांबड्या अक्षरांत उमटले, ‘अवैध प्रविष्टी’. मी ते वाचून दाखवताच तिने विचारले, “पोरी, अवैध म्हंजे दारूचं असतंय तसं? मी काय बेकायदा केलं का गं?” मी हसले नाही, कारण तिचा प्रश्न बरोबर होता. गावात ‘अवैध’ हा शब्द ऐकू येतो तो दारूच्या आणि वाळूच्या संदर्भात. ‘एक आकडा कमी आहे, पुन्हा पाहा’ एवढे सहा शब्द तेथे लिहिता आले असते. माझ्या शिष्यवृत्तीच्या अर्जाचीही हीच तऱ्हा. कोणकोणते कागद लागतील हे आरंभी सांगितलेले नव्हते. वडिलांनी पत्र्याच्या पेटीतून उत्पन्नाचा दाखला शोधून काढेपर्यंत पडद्याची मुदत संपली आणि भरलेले सगळे पुसले गेले.

हे प्रसंग किरकोळ वाटतील, पण त्यांची किंमत किरकोळ नसते. ज्या बाईला एटीएमचा पडदा कळत नाही, ती आपले कार्ड आणि आपला गुप्त क्रमांक मागे उभ्या असलेल्या अनोळखी मुलाच्या हाती देते. तिचे वर्षभराचे मजुरीचे पैसे त्या मुलाच्या भलेपणावर अवलंबून राहतात. वाईट रचनेमुळे तिचा वेळ तर जातोच, पण तिचा स्वतःच्या पैशावरचा आणि स्वतःच्या अकलेवरचा विश्वासही जातो. मतदानकेंद्रात जी बाई देशाची नागरिक असते, तीच एटीएमपुढे ‘अडाणी’ ठरते. बाई बदललेली नाही; बदलला आहे तो तिच्यापुढचा पडदा.

आता आपल्या मराठीच्या विद्यार्थ्यांकडे वळते. पडद्यावरचा शब्द कोण लिहितो? बहुधा इंग्रजीतून शब्दाला शब्द लावून तो तयार होतो आणि तो मोठ्याने वाचला तर कसा लागेल हे कोणी पाहत नाही. हे काम भाषेच्या अभ्यासकाचे आहे. त्याने ते केले तर काय घडते याचीही उदाहरणे आहेत. संगणकावर ‘मंगल’ या नावाचा देवनागरी अक्षरसाचा अनेकांनी वापरला असेल. तो घडवणारे र. कृ. जोशी हे मराठीतले कवी आणि सुलेखनकार होते. मुंबईच्या आयआयटीतील ज्या केंद्राचा उल्लेख वर आला तेथे त्यांनी अध्यापनही केले. त्याच केंद्रात मोबाईलसाठी ‘स्वरचक्र’ हा कळफलक तयार झाला. त्यात व्यंजनावर बोट ठेवले की त्याच्याभोवती का, कि, की, कु अशी चक्राकार अक्षरे उमटतात. म्हणजे आपण पहिलीत घोकलेली बाराखडीच! इंग्रजी टंकलेखन यंत्राचा साचा देवनागरीवर लादण्यापेक्षा, मराठी मूल अक्षरे कशी शिकते याचा विचार कोणीतरी केला. तो विचार करायला संगणकाइतकेच बाराखडीही ठाऊक असावी लागते.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, हा तांत्रिक विषय आहे, कला शाखेच्या मुलांना तो झेपणार नाही. पण यंत्राचे पोट बांधणे आणि यंत्राचा चेहरा घडवणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्या कामाला माणूस पाहण्याची सवय लागते, आणि मानसशास्त्र, समाजशास्त्र व साहित्य या विषयांनी आम्हांला दुसरे काय शिकवले आहे?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे ज्ञान बाजाराचे आहे. माणसाला गुंतवून, भुलवून त्याच्या खिशात हात घालण्यासाठी ते वापरले जाते, असे काही प्राध्यापक म्हणतील. हे खोटे नाही. ‘नको’ हे बटण फिकट आणि बारीक करायचे, सभासदत्व घेणे सोपे पण सोडणे अवघड करायचे, शेवटच्या क्षणी बिलात एखादी रक्कम घुसडायची, या युक्त्यांना हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये ‘डार्क पॅटर्न्स’ हे नाव दिले. आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानेही नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा तेरा प्रकारांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. परंतु यावरून निष्कर्ष उलटा निघतो. चोरवाटा असलेल्या गावात नकाशा वाचता येणे जास्त गरजेचे नाही काय? फसवणूक कोठे दडली आहे हे ज्याला कळते तोच चारचौघांना सावध करू शकेल. आणि जे ज्ञान माणसाच्या मनावर चालते, ते नीतीचा विचार करणाऱ्यांनी बाजाराच्याच हवाली करून मोकळे होणे मला तरी पटत नाही.

राहिला प्रश्न सोयीचा. प्रयोगशाळा कोठून आणायची? यासाठी प्रयोगशाळा लागतच नाही. कागद, पेन्सिल आणि गप्प बसण्याची तयारी एवढे पुरे. कागदाच्या तुकड्यांवर पडदे काढावेत. एकाने यंत्र व्हावे आणि समोरच्याने जेथे बोट ठेवले त्याप्रमाणे पुढचा कागद मांडावा. वापरणाऱ्याला एक काम द्यावे, मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगावे, आणि आपण मदत न करता, तो कोठे थांबतो, काय पुटपुटतो ते टिपून घ्यावे. जगातल्या मोठ्या कंपन्यांतही ही रीत वापरतात. पाच माणसे अशी नीट पाहिली तरी रचनेतले बहुतेक ठळक दोष उघडे पडतात, असे याकोब नील्सन या तज्ज्ञांचे प्रसिद्ध मत आहे. पाच माणसे तर आपल्या प्रत्येकाच्या घरातच आहेत!

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एका शाखेच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या शाखेतील विषय घेण्याची वाट मोकळी केली आहे. तेव्हा गुरुजनांना माझी नम्र विनंती आहे की, मानसशास्त्र, मराठी आणि संगणक या विभागांनी मिळून या विषयाचा एक छोटा अभ्यासक्रम सुरू करावा. तो होईपर्यंत, विद्यार्थिमित्रहो, आपण आपल्याच महाविद्यालयाच्या प्रवेश-अर्जापासून आरंभ करू. जूनमध्ये खेड्यांतून येणारी पाच मुले आणि त्यांचे पालक तो अर्ज भरताना कोठे अडतात ते शेजारी बसून टिपू, आणि ती यादी कार्यालयाला नेऊन देऊ. यादीच्या वर ‘विद्यार्थ्यांच्या चुका’ असे मात्र लिहायचे नाही. ‘अर्जाच्या चुका’ असे लिहायचे.