गणेशखिंडीच्या हिरवळीचा जमाखर्च

पुण्यात वारशाचा विषय निघाला, की काही मंडळींच्या अंगात लाटसाहेब संचारतो. विद्यापीठाच्या मुख्य इमारतीपुढच्या हिरवळीवर उभं राहून ती हमखास म्हणतात, "इंग्रजांना दृष्टी होती हो!" असेल, पण खिसा आपला होता. गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या या आवाराचा इतिहास सांगायचाच, तर झाडांची यादी बाजूला ठेवा आणि खर्चाची वही उघडा.

सर बार्टल फ्रिअर १८६२ साली मुंबईचा गव्हर्नर झाला. अमेरिकेतल्या यादवीमुळे तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव होता. १८६४ साली साहेबाने गणेशखिंडीत बंगला बांधायला काढला; तीच आजची विद्यापीठाची मुख्य इमारत. पुढच्याच वर्षी यादवी संपली, कापूस कोसळला, पेढ्या बुडाल्या. बांधकाम मात्र चालूच राहिलं, थेट १८७१ पर्यंत. खर्च पावणेदोन लाख पौंडांवर गेला आणि विलायतेच्या पार्लमेंटात उधळपट्टी म्हणून ओरड झाली. जे गोऱ्यांनाच खुपलं, त्याने आपले डोळे आजही दिपतात!

पाच वर्षांत दख्खनवर दुष्काळ कोसळला. दुष्काळी कामावरच्या धडधाकट माणसाला दिवसाला एक रतल धान्य आणि वर किरकोळ पैसे पुरेत, असा हिशेब मांडणारा अधिकारी होता रिचर्ड टेंपल. एक रतल म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही. आणि तेवढ्यावर दिवसभर खडी फोडायची. मजुरांनी कामं सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारदरबारी दाद मागितली. टेंपलला या काटकसरीचं फळ मिळालं: १८७७ सालीच तो मुंबईचा गव्हर्नर झाला. पावसाळ्यात गव्हर्नरचा मुक्काम पुण्याला असे. ही सारी बाग त्याच्या दिमतीला आली.

मग आलं १८९७. शहरात प्लेग, घराघरांत शिरणारे गोरे सोजीर आणि २२ जूनच्या रात्री याच आवारात व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या साठीचा झगमगाट. तिथून परतणाऱ्या प्लेग-अधिकारी रँडला चापेकर बंधूंनी गाठलं. मेजवानीचं ठिकाण मात्र आपण विसरलो. त्याच वर्षी १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना, सावित्रीबाई फुले गेल्या. २०१४ पासून हे विद्यापीठ त्यांचं नाव लावतं. नाव दिलं, पण मार्च आणि जून शेजारी मांडायचं धाडस कुणाला झालं नाही.

"यात झाडांचा काय दोष?" काहीच नाही. झाडं जपाच, त्यांना पाणी घालणाऱ्या माळ्यांना वेळेवर पगारही द्या. पण हिरवळीच्या कडेला एक पाटी लावा: बंगल्याचा खर्च किती, दुष्काळी मजुराचं धान्य किती. दुष्काळाच्या हकिगती सार्वजनिक सभेने तेव्हाच लिहून ठेवल्या आहेत. त्यातल्या चार ओळी उतरवून घ्यायला विद्यापीठात लिहिता-वाचता येणारं कुणीतरी असेलच.