सतरंजीवरची उपासना

देवाच्या घरी माणसाने बाकावर ताठ बसावे की सतरंजीवर मांडी घालून, हा वाद आमच्या घरी गेली काही वर्षे जेवणाच्या पानावर चालला आहे. आम्ही तीन पिढ्यांचे कोल्हापूरचे ख्रिस्ती. दिवाळी अंकात हा चर्चचा विषय कशाला, असे वाचकांपैकी कोणी म्हणेल. परंतु ज्या ज्या घरातले पोर एखाद्या कामाला लागते, त्या कामातून त्याला देव, गुरू वा माणसे सापडतात, आणि एके दिवशी ते घरच्यांना म्हणते, ‘चला की तुम्हीपण’, त्या त्या घरचा हा विषय आहे. अशी घरे सर्व धर्मांत आहेत.

आमच्या घरातले हे पोर म्हणजे माझी पुतणी. वय चोवीस, नोकरी हिशेब लिहिण्याची. दर रविवारी सकाळी आठला ती भाड्याच्या एका हॉलमध्ये जाते, सतरंज्या अंथरते, पाणी भरते, लहान मुलांना गोष्टी सांगते आणि शेवटी पेले धुऊन घरी येते. तिथे गिटार आणि ढोलकी शेजारी शेजारी बसतात. पाळक साध्या सदऱ्यात जमिनीवर बसून बोलतात. उशिरा येणाऱ्याकडे कोणी डोळे वटारत नाही. चहा होतो, आणि चहाबरोबर कोणाचे बाळंतपण, कोणाचे थकलेले भाडे, हेही निघते.

ती तिथे गेली ती प्रवचनाच्या ओढीने नव्हे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि चिखली, आंबेवाडीची घरे पाण्यात गेली. त्या वेळी गावातल्या तालमी धावल्या, मंडळे धावली, आणि या हॉलवरची पोरेही धावली. मैत्रिणीबरोबर पुतणी दोन दिवस चपात्या लाटायला गेली, ती तिथलीच झाली. सुटीच्या दिवशी पोरगी अंथरूण सोडून जाते तरी कुठे, हे पाहायला माझी वहिनी गेली. वहिनीमागून आई गेली. शेवटी, उपासनेच्या वेळी वर्षानुवर्षे वर्तमानपत्र उघडून बसणारा माझा दादाही दाराजवळची जागा धरून बसू लागला.

हे पाहून आमच्या जुन्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी तीन आक्षेप घेतले. एक, तिथे आदर नाही. दुसरा, हे परदेशी खूळ आहे. तिसरा, पोरांनी आईबापांना देव दाखवायचा ही कुठली रीत?

आदराचे आधी घेऊ. रविवारी इस्त्रीचे कपडे घालून तासभर न हलता बसणे हा आदर असेल, तर सुटीच्या पहाटे उठून चाळीस पेले घासणे याला काय म्हणावे? देवापुढे आवाज खाली असावा हे मला मान्य आहे. पण ज्या घरात लहान मूल रडले की सगळ्या माना वळतात, तिथे शांतता असते, आदर असेलच असे नाही.

आता परदेशी खुळाचे. अमेरिकेहून आलेले वायल्डरसाहेब 1852 साली कोल्हापुरात आले. त्यांनी आणि त्यांच्यामागून आलेल्या मिशनने इथे शाळा उघडल्या, आणि मिरजेत वॉन्लेससाहेबांनी इस्पितळ उभे केले. हे ऋण मी विसरणार नाही. परंतु ओळीने मांडलेले बाक ही त्या साहेबांच्या गावची सवय होती. ते शुभवर्तमान नव्हे. गालीलच्या डोंगरावर बसलेल्या लोकांना बाक कोणी पुरवले होते? आणि महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला अभंगातून आणि कीर्तनातून मराठी केले, त्याला शंभराहून अधिक वर्षे लोटली. 1917 साली मिशनची चाकोरी सोडून त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही बसावेत अशी त्यांची कल्पना होती. तेव्हा सतरंजी परदेशी आणि बाक स्वदेशी, हा हिशेब कोणत्या वहीतला?

तिसऱ्या आक्षेपाला उत्तरही टिळकांच्याच घरात आहे. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यांच्यामागून गेल्या नाहीत. त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या, पुढे एकत्र आल्या तरी आपले सोवळे त्यांनी सांभाळले, आणि सुमारे पाच वर्षांनी, स्वतःच्या मनाने, त्यांनी पाऊल टाकले. टिळकांच्या मागे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्याच बाईंनी तडीला नेले. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचले आहे त्यांना मी काय सांगावे? कोणी कोणाला आणत नसते. माणूस येतो तो आपल्या पायांनी. वाट दाखवणारा नवरा असो, आई असो की चोवीस वर्षांची पोरगी, त्याने फार तर दार उघडे धरावे.

आणि इथे माझे भांडण या नव्या मंडळ्यांशीही आहे. ‘या रविवारी किती जणांना आणलंस?’ असा हिशेब जिथे स्वयंसेवक पोरांकडे मागितला जातो, पहिल्याच दिवशी पाहुण्याचे नाव आणि फोन नंबर वहीत चढतो, आणि पुढच्या आठवड्यात न येणाऱ्याच्या घरी चौघेजण जाऊन बसतात, तिथे सतरंजी सैल असली तरी दोरी घट्ट आहे. अंगात साधा सदरा आणि हातात गिटार असली म्हणून जुलूम सौम्य होत नाही. उलट बाकावरचा जुलूम निदान ओळखू येतो. हा हसत चहा पुढे करून केला जातो, आणि पोरीच्या प्रेमापोटी आईबापांना ‘नाही’ म्हणता येत नाही. पोरांच्या सेवेचा असा गळ करणे हे पाप आहे, आणि ते कोणत्याही धर्माच्या नावाने केले तरी पापच आहे.

म्हणून माझी कसोटी सोपी आहे. ‘नाही’ म्हणणाऱ्या माणसाला तिथे चहा मिळतो का? वहिनीची आई वारकरी घरातली, गळ्यात तुळशीची माळ, आषाढीला नंदवाळला चालत जाणारी. नातीचे काम बघायला म्हणून ती एका रविवारी आली, गाण्यावर टाळ्या धरल्या, चहा घेतला आणि गेली. माळ तिच्या गळ्यातच होती. पुन्हा ती आली नाही, आणि का आली नाही हे तिला कोणी विचारले नाही. त्या दिवाळीला तिच्याकडून नेहमीप्रमाणे फराळाचा डबा आला, नाताळला आमच्याकडून गेला. ज्या मंडळीत हे घडू शकते तिला मी खुशाल देवाचे घर म्हणेन.

आमच्या वडीलधाऱ्यांना मात्र एक सांगायचे आहे. पोरे गिटारीच्या नादाने गेली, अशी स्वतःची समजूत घालू नका. तुम्ही त्यांना वर्षातून एकदा नाताळाच्या नाटकात मेंढपाळ केलेत आणि एरवी खुर्च्या उचलायला लावलेत. ना कधी हिशेबाची वही दाखवलीत, ना कपाटाची किल्ली दिलीत, ना सभेत मत विचारलेत. दुसरीकडे कोणीतरी त्यांना म्हटले, ‘हा स्वयंपाक तुझ्यावर, ही मुले तुझ्यावर’, आणि ती तिथली झाली. माणूस जिथे उपयोगी पडतो तिथे रुजतो. जुन्या देवळातले मौन, जुन्या प्रार्थना, आपल्या आजोबा-पणजोबांची नावे असलेल्या नोंदवह्या, हे सारे मोलाचे आहे, आणि पोरांनाही ते हवे आहे. पण ते सांभाळायचे असेल तर किल्ल्या आजच त्यांच्या हाती द्या. पोरे पन्नाशीला पोचल्यावर द्यायच्या म्हटले, तर घ्यायला कोणी उरणार नाही.

बाक ठेवा नाहीतर काढा, गिटार असो नाहीतर पेटी. दार उघडे आहे की नाही, आणि ते आत येणाऱ्याइतकेच बाहेर जाणाऱ्यालाही सहज उघडते की नाही, एवढे तेवढे पाहा.