सँडविच घरचं की हॉटेलातलं?

गेल्या महिन्यात मुलांनी हट्ट धरला म्हणून सानपाड्यातल्याच एका हॉटेलात गेलो. चार ग्रिल्ड सँडविचेस, चार कॉफ्या. बिल आठशेच्या घरात! मी तिथंच जाहीर केलं, "पुढच्या रविवारी घरीच करू. ए.पी.एम.सी.ची भाजी मंडई एवढी जवळ असताना इथं कशाला पैसे घालवायचे?"

केली की! सामान अडीचशेत आलं. पण बटाटे-बीट उकडणं, चटणी वाटणं, काप करणं, भाजणं, वर भांडी! माझं सँडविच तोंडाशी आलं तेव्हा गार झालेलं. हिशेबात माझे दोन तास धरलेच नव्हते ना!

नाक्यावरच्या सँडविचवाल्याची युक्ती पाहा. तो ऐन वेळी फक्त रचतो. आपणही बटाटे-बीट आदल्या रात्री उकडून फ्रिजमध्ये ठेवावं. कोथिंबीर-पुदिन्याच्या चटणीत मूठभर फुटाण्याची डाळ वाटावी, म्हणजे ती दाट होते. ब्रेडला कडेपर्यंत लोणी लावून मगच चटणी लावावी. ब्रेड लिबलिबीत होत नाही. काकडी-टोमॅटो मात्र आयत्या वेळी चिरावेत.

आणि मुख्य म्हणजे सगळं टेबलावर मांडून ठेवावं. ज्याचं त्यानं रचावं, भाजायचं काम 'ह्यां'च्याकडे, भांडी मुलांकडे.

एवढं जमलं तर घरचंच बरं. नाही जमलं, तर महिन्यातून एकदा खुशाल हॉटेलात जावं नि बिल पाहून हळहळू नये. ते आपल्या रजेचे पैसे समजावेत, मैत्रिणींनो!