स्टार्टरचा आवाज बारीक? यंत्र बदलायची घाई नको

कबनूरमध्ये यंत्रमागाच्या खडखडाटात उभ्या असलेल्या माणसाला शेतातल्या मोबाईल स्टार्टरचा फोन आला, तर 'मोटार सुरू झाली' एवढंही धड ऐकू येणं कठीण. त्यात आवाज बारीक असेल तर सल्ला ठरलेला: यंत्र बदला. हा सल्ला अनेकदा घाईचा असतो.

स्टार्टरच्या पेटीत सिमकार्डवर चालणारा मोडेम असतो. त्याला टाइप केलेल्या 'एटी' आज्ञा कळतात. एटी म्हणजे 'अटेन्शन', इकडे लक्ष दे! ही पद्धत 1981 मध्ये अमेरिकेतल्या हेज कंपनीच्या स्मार्टमोडेमने रूढ केली. तेव्हा 'एटीएम0' लिहिलं की मोडेमची ती कर्कश किरकिर गप्प व्हायची. आजच्या मोडेममध्ये 'एटी+सीएलव्हीएल' स्पीकरचा आवाज ठरवते, तर 'एटी+सीएमयूटी=1' चालू कॉलमध्ये माइक बंद करते.

गल्लत होते ती इथेच. स्पीकर वाढवला तर पेटीजवळ आवाज मोठा येईल, मालकाच्या फोनवर नाही. तिकडे जाणारा आवाज माइकच्या वाटेने जातो. 'सिम-900' या मोडेममध्ये त्यासाठी 'एटी+सीएमआयसी' ही वेगळी आज्ञा आहे, 0 ते 15 पायऱ्यांची. एकदम 15 वर नेल्यास आवाज फाटू शकतो. एकेक पायरी चढवलेली बरी.

पण ही आज्ञा द्यायला लॅपटॉप आणि केबल लागते, आणि शेतकऱ्याच्या बांधावर दोन्ही नसतं. पेटी बनवणाऱ्यांनी आवाजाची पायरी एसएमएसवरून बदलायची सोय द्यावी आणि ती मराठी माहितीपत्रकात छापावी. रात्रीच्या विजेवर पाणी पाजणाऱ्याची एक खेप तरी वाचेल.