टोमॅटो रस्त्यावर ओतणारा शेतकरी हिशोबात चुकतो का?

दर वर्ष-दोन वर्षांनी तो व्हिडिओ आपल्या फोनवर येतोच. ट्रॅक्टरची ट्रॉली, लालभडक टोमॅटो आणि रस्त्याच्या कडेला माल ओतणारा शेतकरी. खाली दोन कमेंट ठरलेल्या असतात. एक, "फेकण्यापेक्षा गरिबांना वाटा ना." दोन, "परवडत नाही तर पिकवता कशाला?"

पहिलीचं उत्तर सोपं आहे. वाटायलाही माल तोडावा लागतो, गाडीत भरावा लागतो, शहरापर्यंत न्यावा लागतो. त्याचे पैसे कोण देणार? दुसरा प्रश्न मात्र खरंच चांगला आहे, त्यामुळे तिथे जरा थांबू.

आधी २०२३ साल आठवा. मे महिन्यात नाशिक पट्ट्यात टोमॅटोला किलोमागे एक-दोन रुपये मिळत होते आणि शेतकरी माल फेकत होते. जुलैमध्ये तोच टोमॅटो शहरांत शंभरीपार गेला, काही ठिकाणी दोनशेच्याही पुढे. केंद्र सरकारला एनसीसीएफमार्फत दिल्लीत ९० रुपये किलोने टोमॅटो विकावे लागले. आणि सप्टेंबरमध्ये? भाव पुन्हा कोसळले, पुन्हा तेच व्हिडिओ. पाच महिन्यांत दोनदा मातीमोल आणि मध्ये एकदा सोनं.

एका एकराचा हिशोब

समजायला सोपे जावेत म्हणून आकडे गोल धरू. प्रत्यक्षात ते गावागणिक बदलतात.

एक एकर टोमॅटो. रोपं, मल्चिंग पेपर, ठिबक, बांबू-तार-सुतळी, खतं, फवारण्या, सगळे मिळून दीड लाख रुपये गेले. त्यातून २० किलोचे १,००० कॅरेट माल निघणार आहे. म्हणजे लागवडीचा खर्च कॅरेटमागे १५० रुपये. आता तोडणीची मजुरी, गाडीभाडं, हमाली, तोलाई असे कॅरेटमागे आणखी ७० रुपये धरा. एकूण २२०.

बाजारात भाव १५० रुपये कॅरेट आहे. कॅरेटमागे ७० रुपयांचा तोटा. मग तोडायचं की नाही?

तोडायचं. कारण दीड लाख आधीच मातीत गेलेत. माल तोडला तरी ते परत येणार नाहीत, नाही तोडला तरी नाहीत. आज हातात असलेला निर्णय फक्त ७० रुपयांचा आहे. ७० घालून १५० मिळत असतील तर कॅरेटमागे ८० सुटतात. हजार कॅरेट तोडले तर एकूण तोटा ७० हजार. रागाने शेत तसंच सोडलं तर तोटा दीड लाख.

आता भाव ६० वर आला. ७० घालून ६० मिळणार. सगळा माल तोडला तर तोटा १ लाख ६० हजार, न तोडता सोडला तर दीड लाख. इथे शेत सोडून देणं, त्यात मेंढरं घालणं हा वेडेपणा नाही. तो दहा हजार वाचवण्याचा निर्णय आहे.

अर्थशास्त्रात लागवडीसारख्या खर्चाला स्थिर खर्च म्हणतात आणि मालाबरोबर कमी-जास्त होणाऱ्या खर्चाला बदलता खर्च. नियम असा, की भाव सरासरी बदलत्या खर्चाच्या खाली गेला की उत्पादन थांबवा. त्याच्या वर असेल तर तोटा होत असला तरी चालू ठेवा. आपल्या उदाहरणात ७० ही थांबण्याची रेषा आणि २२० ही परवडण्याची. या दोन रेषांमधल्या भावात शेतकरी तोट्यात असतो आणि तरीही विकत असतो. "तोटा होतो तर विकता कशाला" या कमेंटला हेच उत्तर आहे.

मग तोडलेला, भरलेला माल बाजारातून रस्त्यावर कसा येतो? कारण रेषा सरकते. शेतकरी कालच्या भावावर तोडणी लावतो आणि आजच्या लिलावात भाव वेगळाच फुटतो. मार्केट यार्डात पोचेपर्यंत मजुरी आणि भाडंही गेलेलं असतं. आता उरली फक्त हमाली-तोलाई. बोली तेवढीही नसेल, तर कॅरेट रिकामे करून घरी नेलेले बरे, उद्याच्या तोडणीला लागतात. अर्थात कॅमेऱ्यासमोर ओतलेल्या मालात राग आणि निषेधही असतो, तो या हिशोबात बसत नाही.

प्रत्येक तोडा सारखा नसतो

पुस्तकातली इंग्रजी 'यू' अक्षरासारखी खर्चाची रेषा पाहून अनेकांना वाटतं, हे सगळं कारखान्यांसाठी आहे. पण टोमॅटोच्या फडात ती डोळ्यांनी दिसते. पहिल्या तोड्याला फळं कमी आणि विखुरलेली, मजुराची चाल जास्त, त्यामुळे कॅरेट महाग पडतं. मधल्या तोड्यांना झाड लगडलेलं असतं, कॅरेट झटपट भरतं, खर्च उतरतो. शेवटाकडे फळ बारीक होतं, डागी माल निवडून बाजूला काढावा लागतो, एक कॅरेट भरायला दुप्पट वेळ जातो. हा जो पुढच्या एका कॅरेटचा खर्च, तोच सीमांत खर्च. भाव चांगला असेल तर शेतकरी शेवटचे तोडेही घेतो, पडला तर दोन-तीन तोडे आधीच बाग सोडतो. म्हणजे भाव ठरवतो की किती माल येणार.

आणि भाव शेतकरी ठरवत नाही. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात आपले शंभर कॅरेट मागे ठेवले म्हणून लिलावात कुणाच्या लक्षातही येत नाही. कांदेवाल्याला निदान चाळ आहे, उन्हाळी कांदा तो काही महिने धरून ठेवू शकतो. पिकलेला टोमॅटो थांबत नाही.

मे महिन्यात ज्यांनी बाग सोडली, त्यांचं पीक जुलैत बाजारात नव्हतं. नवी रोपं लावली तरी फळ यायला दोन महिने लागतात. त्यात ऊन, पाऊस आणि विषाणूजन्य रोगांनी भर घातली. जुलैतले भाव बघून जो तो टोमॅटोकडे वळला आणि तो सगळा माल एकदम उतरला. लागवड करताना दीड लाख अजून खिशात असतात, तेव्हा खरी रेषा ७० नसून २२० असते. पण शेतकऱ्याकडे ताडून पाहायला असतो तो आजचा भाव. विकताना मिळणारा भाव दोन-तीन महिने लांब असतो.

मदत कुठे लागू पडते?

२०१८ च्या अर्थसंकल्पात केंद्राने टोमॅटो, कांदा, बटाट्यासाठी ५०० कोटींची 'ऑपरेशन ग्रीन्स' योजना जाहीर केली. तिच्यात वाहतूक आणि साठवणुकीवर ५० टक्के अनुदानाची तरतूद होती. अशी मदत थांबण्याची रेषा खाली आणते. भाडं २० रुपयांनी उतरलं तर ७० ची रेषा ५० होते आणि ६० च्या भावातही माल तोडला जातो. अट एकच, तो माल लांबच्या बाजारात गेला पाहिजे. त्याच यार्डात आला तर भाव आणखी पडेल.

२०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान दिलं, ते फेब्रुवारी आणि मार्चमध्ये विकलेल्या मालासाठी. घोषणा झाली तोवर बराच कांदा विकून झाला होता, त्यामुळे विकायचं की नाही या निर्णयावर तिचा परिणाम फारसा होणार नव्हता. असे पैसे पुढच्या लागवडीला उपयोगी पडतात. माझ्या मते दोन्ही प्रकारची मदत लागते, पण एकीकडून दुसरीचं काम होत नाही.

एक आकडा वरच्या हिशोबात नाही. मजूर लावणाऱ्याची रेषा ७० असेल, तर नवरा-बायको आणि मुलं मिळून तोडणाऱ्या घराची ती ४० असू शकते, कारण स्वतःची मजुरी कुणी धरतच नाही. म्हणून मंदीत मजूर लावणारे आधी थांबतात, आणि ५० रुपये कॅरेटलाही तोडत राहतात ती बहुतेक हीच घरं.