'निंगाली' शब्दावर लाल गोल

मागच्या आठवड्यात भाच्याची मराठीची वही हातात आली. पोट्टं सहावीत, अमरावतीच्या एका शाळेत. निबंध 'माझा प्रवास'. पहिलंच वाक्य, 'आमची गाडी सकाळी अकोल्याहून निंगाली.' 'निंगाली'वर लाल गोल आणि बाजूला एकच शब्द, 'गावठी'.

परीक्षेत 'निघाली' लिहावं लागते, मान्य. बाईंनी दुरुस्त केलं यात चूक काहीच नाही. माझं भांडण त्या बाजूच्या शब्दाशी आहे.

मंडळी, हा 'निंगणे' आला कुठून ते पाहू. संस्कृतात 'निर्गत', प्राकृतात 'णिग्गय', आणि जुन्या मराठीत 'निगणे'. 'लीळाचरित्र' उघडा, पानापानावर कोणी ना कोणी 'निगाले' असते. ज्ञानेश्वरीतही 'निगे' आहे. म्हणजे 'घ' नसलेलं हे रूप काही आपल्या आळशी जिभेनं बिघडवलेलं नाही, ते शुद्ध म्हणवणाऱ्या पुस्तकांतच बसलेलं आहे. तो मधला अनुस्वार तेवढा आपल्याकडचा. तोही सगळीकडे सारखा नाही, कोणी निंगते म्हणते, कोणी निंघते.

आणि हे 'लीळाचरित्र' लिहिलं गेलं कुठं? आपल्याच जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला. तेराव्या शतकाच्या शेवटी म्हाइंभटांनी चक्रधर स्वामींच्या आठवणी माणसामाणसाला विचारून गोळा केल्या त्या. त्यात क्रियापदांचीसुद्धा एक रीत आहे. साधा माणूस जेवतो, स्वामींची 'आरोगणा' होते. साधा माणूस झोपतो, स्वामींचा 'पहुड' होतो आणि उठले की 'उपहुड'. साधा माणूस निगतो, स्वामी बहुतेक वेळा 'बीजें' करतात. यातलं 'आरोगणा' महानुभावांच्या स्थानांवर आजही ऐकू येते (गुजरातीत तर 'आरोगवुं' अजून आदरानं वापरतात). 'बीजें करणे' मात्र बोलण्यातून पार गेलं. आदराचे शब्द पोथीत राहिले आणि साधं 'निगणे' तेवढं वावरात टिकलं.

टिकलं म्हणजे किती टिकलं! आमची आजी अकोल्याकडची. तिच्या तोंडी या एका क्रियापदाचे दहा उपयोग. दिवस निंगाला. एकरी किती निंगाली तूर? लुगड्याचा रंग निंगाला. पोरगा लय हुशार निंगाला. रागावली की नुसतं 'निंग!', आणि पाहुणे म्हणून आलेले जावई उठले की 'निंगाले का मंग? च्या तं घ्या.' त्याच शब्दात हाकलणं आणि त्याच शब्दात थांबवणं. सुरात फरक, बस.

आता कोणी म्हणेल, जुना आहे म्हणून बरोबर का? नाही. शब्द जुना असल्यानं प्रमाण होत नाही, आणि वऱ्हाडी म्हणजे जशीच्या तशी लीळाचरित्राची भाषा असंही मी म्हणत नाही. मधे सातशे वर्षं गेली, फारसी आली, हिंदी तर घरातच बसली आहे. पण एखादं रूप अशुद्ध आहे हे सांगणं वेगळं आणि ते बोलणाऱ्याच्या घराला कमी लेखणं वेगळं. त्या पोरानं वही लपवली होती. आजी फोनवर बोलली की आता तो 'हो', 'नाही' एवढंच बोलते. मला सगळ्यात जास्त हे लागलं.

3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले, मीही ठेवला. जुनेपणाचा पुरावा मांडताना लीळाचरित्राचं नाव घेतल्याशिवाय चालत नाही. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठही झालं. म्हणजे पुस्तकातला 'निगाले' अभिजात आणि वहीतला 'निंगाली' गावठी!

विद्यापीठाकडून माझी एकच मागणी आहे. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम इथल्या म्हाताऱ्या बायांची क्रियापदं रेकॉर्ड करून घ्या. नुसत्या नामांच्या याद्या नको, क्रियापदं वाक्यासकट. तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश 1999 मध्ये आला, तो शेजारी ठेवून ताडून पाहा. नागदेवाचार्यांनी केशोबासांना संस्कृतात लिहू नका म्हटलं, कारण त्यांच्या म्हाताऱ्या बायांना ते कळलं नसतं. त्या बाया रिद्धपूरच्याच परंपरेतल्या.

भाच्याच्या बाईंना मी भेटलो. भांडलो नाही. लीळाचरित्राच्या दोन पानांची झेरॉक्स दिली, 'निगाले' खाली पेन्सिलीनं रेघ मारून. त्यांनी वाचलं, हसल्या, म्हणाल्या, "आमच्या घरी पण निंगालेच म्हणतात हो."

तुमच्या घरी काय म्हणतात, गावाच्या नावासकट खाली लिहा.